कुंभेरचा दुखवटा



इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की भुट्ट्याच्या किसाचे आणि गराडूचे ठेले लागतात. तिथून होळकरांचा राजवाडा अगदी हाकेच्या अंतरावर. राजवाडा पाहिला की अहिल्याबाई आठवतात. पण त्यांना वैधव्य जिथे आले, ते कुंभेर सहसा कुणाला आठवत नाही.

1754 च्या सुरुवातीस मराठ्यांनी भरतपूरचे जाट राजे सूरजमल यांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. मार्च महिन्यात किल्ल्यावरून आलेल्या तोफगोळ्याने मल्हारराव होळकरांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. सासऱ्यांनी विनवून त्यांना थांबवले. पुत्रशोकाने वेडावलेल्या मल्हाररावांनी सूरजमलांचे शिर उतरवण्याची प्रतिज्ञा केली, आणि वेढ्यात अडकलेल्या त्याच सूरजमलांनी मल्हाररावांना व खंडेरावांच्या लहान मुलाला दुखवट्याची वस्त्रे पाठवली, असे सांगतात.

आपल्याला इथे दावीद आठवतो. शौल राजा वर्षानुवर्षे त्याच्या जिवावर उठला होता. गिलबोवाच्या डोंगरावर शौल पडला आणि एक अमालेकी माणूस त्याचा मुकुट घेऊन, बक्षिसाच्या आशेने, दावीदाकडे आला. दावीदाने आपली वस्त्रे फाडली आणि संध्याकाळपर्यंत उपास करून विलाप केला. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा पहिला अध्याय घरी सगळ्यांनी मिळून जरूर वाचावा. त्या विलापात शौलाच्या छळाचा उल्लेखही नाही!

वेढा अखेर तहाने उठला. पुढे 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठे मोडले. सदाशिवरावभाऊंशी न पटल्यामुळे सूरजमल लढाईआधीच निघून गेले होते. आता थंडीने गारठलेले, जखमी, उपाशी मराठे त्यांच्याच मुलखात शिरले. अब्दालीचा रोष ओढवण्याची भीती होती, तरी सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्नवस्त्र व आसरा दिला. बाजीरावांचे पुत्र समशेरबहाद्दर यांनी तिथेच प्राण सोडला. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात भुकेल्या वैऱ्याला जेवू घालायला सांगितले आहे. बायबल कधी हाती न घेतलेल्या घराने ते केले.

25 डिसेंबर 1763 रोजी सूरजमल नजीबखानाशी लढताना मारले गेले. त्यांचा मुलगा जवाहरसिंह याने बापाचा सूड घ्यायला दिल्लीला वेढा घातला आणि मल्हाररावांची मदत मागितली. मल्हारराव गेले, पण मन नजीबाकडे ठेवूनच. वेढा तडजोडीवर संपला आणि जवाहरसिंह रागाने परतला.