सनदी लेखापाल (भारत)

सनदी लेखापाल, अर्थात चार्टर्ड अकाउंटंट किंवा सी.ए., ही भारतातील लेखाक्षेत्रातील व्यावसायिक अर्हता आहे. १ जुलै १९४९ रोजी संसदीय कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय सनदी लेखापाल संस्था ती प्रदान करते. संस्थेचे मुख्यालय नवी दिल्ली येथे आहे.

अभ्यासक्रमाचे फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल असे तीन स्तर आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारणपणे प्रत्येक विषयात किमान ४० टक्के व एकूण ५० टक्के गुण आवश्यक असतात. केवळ परीक्षा पुरेशी नसते; व्यवसायातील सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारीही करावी लागते. २०२३ च्या योजनेनुसार तिचा कालावधी २ वर्षांचा आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण व्यवसाय-प्रमाणपत्रधारक सनदी लेखापालच करू शकतो. भागधारक व कर्जदाते त्याच्या अहवालावर विसंबतात; म्हणून गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याचे नाव सभासद-नोंदवहीतून वगळले जाऊ शकते.