शेवटचे 29 राउंड

डिसेंबर 2013

व्हॉल्व्ह कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ओव्हरपास हा नवा मॅप आणला. बर्लिनमधला एक कालवा, त्याला लागून बाग, वरून जाणारा रस्ता. पाच जण हल्ला करणार, पाच जण राखण करणार आणि हल्लेखोरांना दोनपैकी एका जागी बॉम्ब लावायचा.

अशा मॅपला दोन अंगं असतात. एक आपल्या डोळ्यांना दिसतं, दुसरं फक्त गेमच्या हिशेबात असतं. दिसणारी भिंत जिथे संपते तिथेच हिशेबातली भिंत संपेल याची खात्री नसते. दोन्हींत केसाएवढा फरक राहिला की खेळाडूला हवेतल्या एका अदृश्य कडेवर उभं राहता येतं. खेळणारे याला पिक्सलवॉक म्हणतात. दुसरी एक खोट याहून वाईट. काही भिंती समोरून भिंती असतात, पण चुकीच्या कोनातून पाहिल्या तर गेम त्या काढतच नाही आणि पलीकडचं सगळं उघडं पडतं. म्हणजे मी तुला पाहतो आणि तुला मात्र माझ्या जागी विटा दिसतात. ओव्हरपासवर एका ठिकाणी या दोन्ही खोटी एकत्र आल्या होत्या. तिथवर पोचायला एकाच्या खांद्यावर दुसरा आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा, असे तीन गडी लागत. एरवी तिथे कुणी कशाला जाईल?

नोव्हेंबर 2014, स्पर्धेला आठवडा

स्वीडनमधल्या यॉनशॉपिंग शहरात ड्रीमहॅक विंटर भरणार होती. या गेमची ती चौथी ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा. 16 संघ, एकूण बक्षीस अडीच लाख डॉलर. आणि तोंडावर व्हॉल्व्हच्या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेने नामांकित व्यावसायिक खेळाडूंवर बंदी घातली. टायटन आणि एप्सिलॉन हे दोन संघ स्पर्धेतूनच बाद झाले. त्या आठवड्यात हा खेळ पाहणारा प्रत्येक जण प्रत्येक अचूक गोळीकडे संशयाने पाहत होता. स्पर्धेत पुढे उडालेला भडका समजून घ्यायचा तर हे वातावरण ध्यानात ठेवायला हवं.

27 नोव्हेंबर, स्पर्धा सुरू

नियम होता, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. ड्रीमहॅकच्या नियमांत पिक्सलवॉकला मनाई होती. तरीही पुढचं सगळं घडलं, आणि म्हणूनच माझ्या मते या प्रकरणाचा खरा धडा ग्लिचमध्ये, म्हणजे गेममधल्या खोटीत नाही, नियम लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

पहिल्या पिढीच्या पोकेमॉनचं उदाहरण घेऊ. 1996 साली जपानमध्ये आलेला तो गेम चुकांनी भरलेला आहे. त्यात पोकेमॉनला लकवा मारला की त्याचा वेग पाव होतो, इथवर ठीक. पण त्यानंतर समोरच्याने स्वतःचा कुठलाही गुण वाढवणारी चाल खेळली, की गेम आकडे पुन्हा मांडताना लकव्याची कपात चुकून पुन्हा लावतो. वेग पावाचा पाव होतो. आणखी एकदा तीच चाल, आणखी पाव. उलट लकवा मारलेल्याने स्वतः वेग वाढवणारी चाल खेळली तर कपात पुसूनच जाते. आकड्यांचा हा उघड घोटाळा आहे, तरी तो गेम आजही स्पर्धा म्हणून खेळणाऱ्या जाणकारांनी तो बंद केलेला नाही. दोघांनाही तो ठाऊक आहे, दोघांनाही तो मोजता येतो आणि त्यावर उतारा शोधता येतो.

त्याच गेममध्ये डिग आणि फ्लाय या चाली आहेत. एका पाळीत जमिनीखाली किंवा आभाळात जायचं, पुढच्या पाळीत घाव घालायचा. नेमकं बाहेर येण्याच्या पाळीत लकव्याने अंग आखडलं, तर पोकेमॉन दिसतो मैदानात, पण गेमच्या लेखी तो अजून जमिनीखालीच असतो. जवळपास कुठलाच घाव त्याला लागत नाही. या दोन्ही चाली पहिल्या पिढीच्या प्रमुख स्पर्धात्मक नियमावलीत सरळ बंद आहेत. ‘ग्लिचचा गैरवापर करू नये’ असं मोघम वाक्य लिहून ते थांबले नाहीत. चालीचं नाव घेतलं आणि ती चाल घेऊन संघच उभा करता येणार नाही अशी सोय केली. सामना सुरू होण्याआधीच प्रश्न मिटला.

दोन्ही ग्लिच गेम बनवणाऱ्यांच्या चुकांतूनच आलेले. फरक एवढाच की एकाला प्रतिस्पर्ध्याकडे उत्तर आहे, दुसऱ्याला नाही. यॉनशॉपिंगच्या नियमांत अशी रेघ ओढलेली नव्हती. पिक्सलवॉक नको, हे लिहिलं होतं. ओव्हरपासवरच्या कुठल्या कडा त्यात मोडतात, हे खेळाडूने कसं ओळखायचं? राउंड चालू असताना अ‍ॅडमिनने ते पाहिलं तर काय करायचं? आणि सामना संपून गेल्यावर कळलं तर?

28 नोव्हेंबर, 29 राउंड बाकी

उपांत्यपूर्व फेरी. एकीकडे स्वीडनचा फनॅटिक, त्या काळातला बहुधा सर्वांत धोकादायक संघ: ओलोफमाइस्टर, जेडब्ल्यू, फ्लशा, क्रिम्झ, प्रोनॅक्स. दुसरीकडे फ्रान्सचा एलडीएलसी: हॅपी, एनबीके, शॉक्स, किओशिमा, स्मिथझ. दोन मॅप झाले, दोघांनी एकेक जिंकला. तिसरा आणि निर्णायक मॅप ओव्हरपास. जो आधी 16 राउंड घेईल तो पुढे जाईल.

14 राउंड बाकी

पूर्वार्ध संपला. राखणीच्या बाजूने खेळणाऱ्या एलडीएलसीने 12 राउंड घेतले होते, फनॅटिकने 3. ओव्हरपासवर राखण करणाऱ्याचं पारडं जड असतं हे धरूनही ही आघाडी मोठी होती. फ्रेंच संघाला उरलेल्या जास्तीत जास्त 15 पैकी फक्त 4 राउंड हवे होते.

बाजू बदलल्या. फनॅटिक राखणीला आलं.

मग फनॅटिकचे तिघं त्या जागी पोचायला एकावर एक चढले. अशा चढण्याला बूस्ट म्हणतात. सर्वांत वर ओलोफमाइस्टर. तो उभा राहिला तिथून मॅपचा एवढा मोठा पट्टा दिसत होता की हल्लेखोर आपल्या नेहमीच्या वाटेने निघाले, की त्यांची दिशा, संख्या, वेग सगळं त्याला आधीच कळायचं. या खेळात माहिती हीच निम्मी लढाई असते. पाच जणांनी दोन जागा राखायच्या, तर अंदाज चुकला की एक जागा उघडी पडते. राखणदाराची सगळी कसोटी या अंदाजात असते आणि हल्लेखोराची सगळी कला त्याला चकवण्यात. इथे चकवायला काही उरलंच नाही. वर, ज्या दिशेला आजवर कुणी शत्रू उभा असू शकतो असं त्यांना वाटलंही नव्हतं, तिथून गोळ्या येऊ लागल्या.

त्या वेळी राउंडचं घड्याळ पावणेदोन मिनिटांचं असे. तेवढ्यात मेलेल्या खेळाडूने ओळखायचं की आपण कुठून मेलो, चार साथीदारांना सांगायचं आणि पुढच्या राउंडच्या आधी काही सेकंदांत पाचही जणांनी नवा बेत ठरवायचा. समोर हजारो प्रेक्षक. एलडीएलसीच्या खेळाडूंच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की अजून पोटात कालवतं.

मध्यंतर ते 13-13

इथे पैशाचा हिशेब सांगितलाच पाहिजे, कारण पुढचा गोंधळ त्याच्यापाशी अडकतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये दर राउंडला शस्त्रं विकत घ्यावी लागतात. एके-47 बंदूक 2,700 डॉलरला, एडब्ल्यूपी 4,750 ला. राउंड हरला तर सांत्वनाचे 1,400 मिळतात, हरत राहिलात तर ही रक्कम वाढत 3,400 पर्यंत जाते. जिंकणाऱ्याला जास्त मिळतात आणि वाचलेली शस्त्रं त्याच्याकडेच राहतात. त्यामुळे एखादा राउंड अन्यायाने गेला तर तेवढ्यावर भागत नाही. पुढच्या राउंडला तुम्ही पिस्तूल घेऊन रायफलींसमोर उभे राहता आणि तोही जातो, मग त्याच्या पुढचाही डळमळतो.

फनॅटिकने हा बूस्ट प्रत्येक राउंडला वापरला नाही. पण वापरलेले राउंड बाजूला काढून उरलेले खरे मानू, असं म्हणायची सोयच नव्हती. प्रत्येक राउंड आधीच्या राउंडच्या पैशावर उभा होता. शिवाय भीतीचा हिशेब कोण करणार? वर कुणी नसतानाही फ्रेंच खेळाडू आता वर पाहत होते.

सामना कुणी थांबवला नाही. लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर, थेट प्रक्षेपणात, एक बेकायदा जागा राउंडमागून राउंड वापरली जात होती, आणि थांबवा म्हणण्याचा क्षण नेमका कोणता हे कुणी आधी ठरवलेलं नव्हतं.

0 राउंड बाकी

फनॅटिक 16, एलडीएलसी 13. उत्तरार्धात फ्रेंच संघाला एकच राउंड मिळाला होता.

सामन्यानंतर

एलडीएलसीने तक्रार नोंदवली. आयोजकांनी ती जागा तपासली आणि बूस्ट नियमाबाहेरचा ठरला. वर उभा असलेला खेळाडू पिक्सलवॉकवर होता आणि तिथून भिंतींच्या पारदर्शक बाजूतून पलीकडचं दिसत होतं.

ठरवलं, उत्तरार्ध पुन्हा खेळवायचा.

मग फनॅटिकने बोट दाखवलं की एलडीएलसीनेही पूर्वार्धात एक बूस्ट वापरला होता आणि तोही पिक्सलवॉकच होता. तपासलं, तर नियमाच्या अक्षराला धरून ते खरं निघालं. तो बूस्ट फनॅटिकच्या बूस्टइतका घातक नव्हता, हे पाहणाऱ्याला कळत होतं. पण नियमात ‘किती घातक’ याला जागाच नव्हती. पिक्सलवॉक तो पिक्सलवॉक. निर्णय पुन्हा बदलला: आता अख्खा मॅप पुन्हा, 0-0 पासून. 12-3 ची आघाडीही गेली.

क्रिकेट पाहणाऱ्याला 1981 चा मेलबर्नचा सामना आठवेल. न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी 6 धावा हव्या होत्या आणि ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेलने चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला. तेव्हा नियमाने ते चालत होतं, म्हणून संताप झाला तरी निकाल राहिला. नियम नंतर बदलला. यॉनशॉपिंगमध्ये उलट होतं. नियम आधीपासून होता, मोडला गेला होता, आणि तरी एका सामन्याला काही तासांत तीन निकाल मिळाले: फनॅटिक जिंकलं, अर्धा सामना पुन्हा, सगळा सामना पुन्हा. प्रत्येक निर्णय घेताना आयोजकांना ठाऊक होतं की कोण पुढे आहे, कोण मागे आणि कोणाचे चाहते ओरडताहेत. पंचाने गुणफलकाकडे पाहून शिक्षा ठरवायची वेळ येऊ नये. ते आयोजक नालायक होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात जे वाक्य होतं, त्याने दुसरं काही करताच येत नव्हतं.

मॅप खेळात आला तेव्हाच त्याच्या कडा तपासून कुठल्या जागा बंद ते नावानिशी लिहायला हवं होतं. अशा जागी कुणी चढलं तर त्याच राउंडला सामना थांबवायचा आणि तो राउंड प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, हेही तिथेच. यातलं काहीच अवघड नव्हतं. पोकेमॉनच्या जुन्या गेमसाठी हौशी लोकांनी पगाराविना हे काम केलं आहे, आणि तेही गेममध्ये एक ओळ बदलण्याची मुभा नसताना.

29 नोव्हेंबर

संताप थांबत नव्हता. फनॅटिकच्या खेळाडूंवर शिव्यांचा मारा चालला होता. आठवडाभर साचलेला फसवणुकीचा संशय आणि हा बूस्ट लोकांच्या मनात एक झाला होता, वास्तविक दोन्हींचा संबंध नव्हता. गेममध्ये बाहेरून काही घुसवणं वेगळं आणि गेममध्येच असलेली भोकं शोधणं वेगळं. ते पाच जण दोषी होते तर एका बेकायदा जागेचे. त्यांना त्याहून मोठ्या गुन्ह्याची शिक्षा मिळत होती, हे मला आजही पटत नाही.

फनॅटिकने सामना सोडला. मॅप पुन्हा खेळायला ते उतरलेच नाहीत. एलडीएलसी उपांत्य फेरीत गेलं, त्याच दिवशी अंतिम सामन्यात निन्जाज इन पायजमाजला 2-1 ने हरवून विजेतं ठरलं आणि एक लाख डॉलर घेऊन गेलं.

त्यानंतर

व्हॉल्व्हने ओव्हरपासवरची ती जागा दुरुस्त केली. मार्च 2015 मध्ये फनॅटिकने कातोविसची मेजर जिंकली. एलडीएलसीचा संघ तोवर एन्व्हीअस या संस्थेकडे गेला होता, आणि ऑगस्टमध्ये कोलोनच्या मेजरच्या अंतिम सामन्यात फनॅटिकसमोर तोच संघ उभा होता, दोन खेळाडू बदललेला. तिथेही फनॅटिक जिंकलं. बूस्टशिवायही ते जगातला सर्वोत्तम संघ होते, आणि एलडीएलसीला 12-3 ची आघाडी कुणाच्या मेहेरबानीने मिळाली नव्हती. यॉनशॉपिंगमधला तो तिसरा मॅप कुणी जिंकला असता, याचं उत्तर द्यायचा हक्क त्या दिवशीच्या दहा खेळाडूंचा होता.