तारीख कोणाच्या हातात?

मालवण नगरपरिषदेची निवडणूक नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. पुढची झाली २ डिसेंबर २०२५ ला. मुदत पाच वर्षांची, मध्ये गेली नऊ. माझा चुलतभाऊ २०१७ मध्ये अठराचा झाला. लोकसभा-विधानसभेला त्यानं दोन-दोनदा बटण दाबलं. पण गटार तुंबलं की ज्याच्या दारात जायचं, तो नगरसेवक निवडायला त्याला सव्विसावं वर्ष उजाडलं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून गावी गेलो की ठरलेला प्रश्न येतो : ईव्हीएम हॅक होतं का रे? नगरपरिषदेसाठी तर मतदानच होत नव्हतं. न झालेल्या मतदानात कसला घोटाळा शोधणार?

हे होऊ नये म्हणूनच १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण. हे काम राज्य निवडणूक आयोगाचं. सर्वोच्च न्यायालयानंही २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात मुदतीचं हे बंधन पक्कं केलं. मग अडलं कुठे?

मार्च २०२१ मध्ये वाशिमच्या विकास गवळींच्या याचिकेवर निकाल आला. ओबीसी आरक्षण द्यायचं, तर आधी आयोग नेमून त्या-त्या ठिकाणची आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आकडेवारी तयार नव्हती. ओबीसींच्या जागा जाणं कुठल्याच पक्षाला परवडणारं नव्हतं, आणि तो प्रश्न खोटाही नव्हता.

मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं एकमतानं कायदा केला : प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून सरकारकडे. इथे खरी मेख आहे. निवडणूक आयोगानं घ्यायची, पण प्रभागांच्या हद्दी सरकारनं आखून दिल्याशिवाय ती घेणार कशी? आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकाचा, पासवर्ड दुसऱ्याकडे.

मे २०२२ मध्ये न्यायालयानं दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितलं. जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल मान्य केला. दरम्यान राज्यात सरकार बदललं, जागांचे आकडे पुन्हा फिरले, नव्या याचिका आल्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयानं ‘जैसे थे’ म्हटलं. त्यानंतर तारखांवर तारखा पडत गेल्या. ६ मे २०२५ ला आदेश आला : बांठिया अहवालाआधी जे आरक्षण होतं, ते धरून निवडणुका घ्या. हे तीन वर्षांपूर्वी म्हणता आलं नसतं का?

तोवर मालवणचा कारभार प्रशासकानं पाहिला. प्रशासक वाईट असतो असं नाही. पण तो वर बदलीकडे बघतो, खाली मतदाराकडे बघायचं त्याला कारण नसतं.

या गोष्टीत खलनायक सापडत नाही. सरकार, आयोग, न्यायालय, प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. उशीर मात्र कुणाच्याच नावावर लागला नाही. २ डिसेंबरला अखेर मत पडलं, तरी दुसऱ्या दिवशीची मतमोजणी न्यायालयाच्या आदेशानं २१ तारखेवर गेली.

भाऊ म्हणाला, “इतकी वर्षं थांबलो, तिथे अठरा दिवसांचं काय!”

आता नव्या सभागृहाची मुदतही पाच वर्षांचीच. प्रभागांचं आणि आकडेवारीचं काम कुठवर आलं, हे त्याला २०२९ मध्येच विचारायला सांगितलंय.