कर्ज कंपनीचं, सही आपली

आपल्या नाशिक जिल्ह्यात बचतगटांतल्या कितीतरी जणी आता शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक झाल्यात. म्हणून आज आम्ही कर्जाचा थोडा इतिहास सांगणार आहोत.

पूर्वी मुंबई इलाख्यात बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर यायचं, बापानं मागं काही ठेवलेलं असो वा नसो. एवढंच नाही, विधवेचा पाट लागला तर तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज दुसऱ्याकडून मागता यायचं. अशा बाईशी लग्न करायला कोण धजेल? १८६६ च्या कायद्यानं हे थांबवलं. वारसानं हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागायचं, आणि दुसरा नवरा मोकळा.

त्याआधीच, १८५७ मध्ये, भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरती ठेवायची सोय हिंदुस्थानात आली होती. पण घरातल्याच माणसांची कंपनी असली तर? हा प्रश्न लंडनमध्ये सुटला. अ‍ॅरन सॉलोमन चामड्याचे बूट करायचा. त्याच्या कंपनीचे २०,००७ शेअर. बायकोकडे आणि ५ मुलांकडे एकेक, बाकी सगळे त्याच्याकडे. कंपनी बुडाली. १८९६ मध्ये तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयानं सांगितलं, कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. कंपनीची देणी त्यानं घरातून भरायची नाहीत. फसवणूक असेल तर गोष्ट निराळी, पण एरवी आपल्याकडेही हेच चालतं. २००२ च्या दुरुस्तीनं आलेल्या उत्पादक कंपन्यांनाही हे लागू आहे, मग ती मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सएवढी मोठी असो की आपल्या गावातली लहान.

मग बँकेची नोटीस संचालक बाईच्या घरी का येते? कारण तिनं वैयक्तिक हमीपत्रावर सही केलेली असते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. 'आधी कंपनीकडून वसूल करा' असं बँकेला सहसा म्हणता येत नाही.

आम्हाला खटकतं ते खासगी कंपन्यांचं. तिथं किमान दोन संचालक लागतात, म्हणून बायकोचं नाव घालतात आणि 'नुसती फॉर्मॅलिटी आहे' म्हणून सही घेतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात तर खासगी कंपनीकडून कर वसूल झाला नाही, तर तो संचालकाकडून मागायची तरतूद होती. आपला हलगर्जीपणा नव्हता हे तिनंच सिद्ध करायचं.

हमीपत्रावर रकमेची मर्यादा लिहून मागता येते. संचालकपदाचा राजीनामा दिला म्हणून हमी आपोआप सुटत नाही, त्यासाठी बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते.