हजेरीपट आणि बेकारभत्ता

खानदेशाच्या आर्थिक जीवनाचा इतिहास लिहिणारे बहुधा कापसाच्या गाठी मोजतात, गिरण्यांतील चात्या मोजतात आणि आगगाडीने मुंबईस गेलेल्या मालाचा हिशेब देतात. तथापि गिरणीचा भोंगा वाजेनासा झाल्यावर किंवा मृगाने पाठ फिरवल्यावर, रिकाम्या हाताच्या माणसाने सरकारदरबारी काय मागावे, कोणाकडे मागावे आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागावे, या प्रश्नाचाही एक दीर्घ इतिहास जळगाव-धुळ्याच्या मुलखाला आहे.

त्याचा आरंभ दुष्काळी कामांपासून करावा लागतो. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य व वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने जे धोरण घालून दिले त्याचे सार इतकेच, की अशक्तास खैरात मिळावी आणि सशक्ताने खडी फोडावी. दुष्काळ केव्हा पडला हे ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारचा. रयतेने काम मागावे आणि सरकारने ते दिलेच पाहिजे, असा हक्क त्यात कोठेही नव्हता.

दुसरा प्रवाह गिरण्यांचा. जळगावची खानदेश मिल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अमळनेरला प्रताप शेठजींनी प्रताप मिल १९०६ मध्ये उभारली. धुळ्यात न्यू प्रताप मिल आली. याच शेठजींच्या औदार्याने १९१६ मध्ये अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले, आणि एकाच गावात एकीकडे ब्रह्मचिंतन व दुसरीकडे साच्यावरच्या कामगाराच्या खाड्यांची मोजदाद सुखाने नांदू लागली. ब्रिटनने बेकारीचा विमा १९११ मध्येच कायद्यात आणला होता. परंतु हिंदुस्थानातील कामगार एका जागी टिकत नाही, सबब असा विमा येथे व्यवहार्य नाही, असा अभिप्राय कामगारविषयक व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये दिला. कामगार टिकत नाही हे खरे असले, तरी तो का टिकत नव्हता, याचे उत्तर बदलीच्या प्रथेत सापडते. कायम कामगाराचा खाडा पडला तरच ज्याला साचा मिळे, असा बदली कामगार रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा राही आणि पुष्कळदा तसाच परत फिरे.

स्वातंत्र्यानंतर, कापडधंद्यातील मंदीमुळे पाळ्या बंद पडू लागल्या असता, केंद्र सरकारने ऑक्टोबर १९५३ मध्ये वटहुकूम काढून औद्योगिक कलह कायद्यात नवे प्रकरण घातले. माल, कोळसा वा वीज नाही म्हणून ज्याला घरी बसविले त्या कामगारास मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई, आणि ज्याला कामावरून कमी केले त्यास महिन्याची सूचना व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचा पगार, अशी ही तरतूद होती. पण भरपाई हवी तर ठरल्या वेळी रोज एकदा गिरणीत हजर राहिले पाहिजे, नाव हजेरीपटावर असले पाहिजे आणि मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले पाहिजे. वर्षाची अखंड सेवा न भरलेल्या बदलीला यातून वगळले होते. म्हणजे ज्याच्या पोटाला सर्वांत आधी चिमटा बसे, त्याच्याच नावाला हजेरीपटावर जागा नव्हती. मालकाने रक्कम दिली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावी, अशीही सोय झाली. सारा थकविणाऱ्या कुणब्यावर जी जप्ती येई तीच आता गिरणीमालकावर येऊ शकत होती, आणि यात मला तरी काव्यात्म न्याय दिसतो.

या दोन प्रवाहांचा संगम, कागदावर का होईना, रोजगार हमी योजनेत झाला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केलेला हा प्रयोग १९७२ च्या दुष्काळाच्या तोंडावर राज्यभर गेला. सुकडी व मिलो खाऊन लोकांनी पाझर तलाव खणले, नाले बांधले. त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याच्या श्रमिक संघटनेत आदिवासी शेतमजूर, विशेषतः स्त्रिया, संघटित झाले आणि कामाची मागणी ही विनंती न राहता लढ्याची घोषणा झाली. शहरी पगारदारांच्या व्यवसायकरातून १९७५ पासून पैसा उभा राहिला, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला, आणि त्यात लिहिले गेले की मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास सरकारने किमान एक रुपया रोज बेकारभत्ता द्यावा.

एक रुपया! त्या रुपयाला कोणी हसेल, तर त्याने शासकीय दप्तराचा स्वभाव ओळखला नाही असे म्हणावे लागेल. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता, मजुराच्या अर्जावरील तारखेपासून सरकारची मुदत मोजली जाऊ लागली, ही गोष्ट टेंपलसाहेबाच्या कल्पनेतही नव्हती. म्हणूनच तारीख टाकलेली पोच मिळविणे हे सर्वांत अवघड काम ठरले. नाव नोंदविणे वेगळे आणि काम मागणे वेगळे, हे पुष्कळांस ठाऊकच नसे. ज्यांस ठाऊक असे त्यांचा अर्ज ठेवून घेतला जाई, पोच मात्र मिळत नसे, आणि पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नसे. भत्ता प्रत्यक्ष फारच क्वचित दिला गेला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने भत्त्याचा दर पहिल्या तीस दिवसांस मजुरीचा चौथा हिस्सा व पुढे निम्मा असा वाढविला. पोचेचे महत्त्व तेवढेच राहिले, आणि काम मागण्याच्या अर्जाविषयीचा ‘नमुना चार भरला का?’ हा प्रश्न आजही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ऐकू येतो.

कारखान्यातील विमाधारकास बेकारीत रोख साहाय्य मिळावे, ही कल्पना कर्मचारी राज्य विमा योजनेत १ एप्रिल २००५ पासून आली. १ जुलै २०१८ पासूनच्या, याच विम्याखालील अटल योजनेत आरंभी सरासरी रोजच्या मिळकतीच्या चतुर्थांश, व करोनाच्या साथीत निम्मा, असा दर देण्यात आला. मुदत आयुष्यात एकूण नव्वद दिवस. आता ज्या १९४८ च्या कायद्यावर हा विमा उभा राहिला तो हंगामी कारखान्यांस लागू नव्हता, आणि हंगामी कारखाने कोणते हे सांगताना त्याने सरकी काढणे, कापसाच्या गाठी दाबणे व भुईमुगाच्या शेंगा फोडणे हे व्यवसाय नावानिशी नमूद केले होते. १९५३ च्या भरपाईतूनही हंगामी कारखाने वगळलेच होते. जिनिंगच्या आवारात दिवाळीपासून होळीपर्यंत राबणारा खानदेशी मजूर, हंगाम सरल्यावर, या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राही.