अपंगांची मालमत्ता आणि शासकीय साहाय्याची पात्रता : अमेरिकेतील कायद्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अपंग अपत्याच्या आईवडिलांना 'आमच्यामागे याचे कोण करील' ही चिंता जन्मभर सोडत नाही. त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या नावे काही शिल्लक टाकावी, हा सर्वत्र आढळणारा मार्ग होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी परिस्थिती निर्माण झाली की, अशी शिल्लक टाकणेच मुलाच्या अहिताचे ठरू लागले. शासनाचे मासिक साहाय्य आणि त्याला जोडलेली वैद्यकीय सोय ज्या अटीवर मिळे, ती अट निर्धनतेची होती. नावावर थोडा पैसा साठला की दोन्ही बंद होत. या पेचातून मार्ग काढण्यासाठी तेथील कायद्याने वेळोवेळी ज्या सवलती दिल्या, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या सवलतींचा इतिहास पाहताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो. पैसा अपंग व्यक्तीसाठी आहे हे मान्य. पण तो तिचा आहे काय?

मालमत्ता-मर्यादेचा उगम

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू अंधांना साहाय्य देण्यासाठी राज्यांना संघराज्याचा निधी उपलब्ध करून दिला. कायमस्वरूपी व पूर्णतः अपंग असलेल्यांचा समावेश १९५० मध्ये झाला. या योजना राज्ये चालवीत आणि पात्रतेच्या अटीही बहुतांशी तीच ठरवीत. परिणामी एका राज्यातील पात्र व्यक्ती शेजारच्या राज्यात अपात्र ठरू शके. १९६५ मध्ये गरिबांच्या वैद्यकीय खर्चासाठी 'मेडिकेड' योजना आली. अपंगांच्या दृष्टीने तिचे महत्त्व रोख अनुदानापेक्षाही मोठे ठरले, कारण दीर्घकाळ सेवाशुश्रूषेचा खर्च पेलणे मध्यमवर्गीय कुटुंबालाही अशक्य होते.

राज्याराज्यांतील विषमता दूर करण्यासाठी ३० ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' ही योजना संमत झाली व १ जानेवारी १९७४ पासून अमलात आली. पुढे तिचा उल्लेख एस.एस.आय. असा केला आहे. एकट्या व्यक्तीस दरमहा १४० डॉलर हे तिचे आरंभीचे अनुदान, तर मालमत्तेची मर्यादा १,५०० डॉलर होती. राहते घर आणि एक वाहन हिशेबात धरले जात नसे; बँकेतील शिल्लक मात्र धरली जाई. बहुतेक राज्यांत एस.एस.आय. ची पात्रता मिळाली की मेडिकेडही मिळे. त्यामुळे एक गमावणे म्हणजे पुष्कळदा दोन्ही गमावणे, असा अर्थ होत असे.

महाराष्ट्रातील वाचकाला १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील वार्षिक उत्पन्नाची अट आणि त्यासाठी लागणारा दाखला परिचित आहे. अमेरिकन योजनेत उत्पन्नाच्या जोडीला साठ्यावरही मर्यादा आहे आणि ती दर महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या पहिल्या क्षणी तपासली जाते. समजा, एखाद्या अपंग युवकाच्या नावे आजीने मृत्युपत्राद्वारे दहा हजार डॉलर ठेवले. ती रक्कम हाती आली, की ती मर्यादेखाली उतरेपर्यंत त्याचे अनुदान थांबणार. आजीचे प्रेम अशा रीतीने शासनाचा खर्च वाचविण्याच्या कामी येते.

मर्यादेचा पुढील इतिहास थोडका आहे, पण बोलका आहे. १९८४ च्या कायद्यानुसार ती दरवर्षी शंभर डॉलरने वाढत १९८९ मध्ये २,००० डॉलरवर आली आणि तेथेच थांबली. अनुदान महागाईनुसार वाढत राहिले. मर्यादा महागाईशी कधीच जोडली गेली नाही. १९७४ मध्ये एखादी व्यक्ती दहा महिन्यांच्या अनुदानाहून अधिक रक्कम बाळगू शकत होती. १९८९ मध्ये अनुदान ३६८ डॉलर होते, म्हणजे मर्यादा सुमारे साडेपाच महिन्यांची झाली. २०२६ मध्ये अनुदान ९९४ डॉलर आहे आणि मर्यादा जेमतेम दोन महिन्यांची उरली आहे. अट कडक करण्याचा ठराव कोणत्याही सभागृहात झाला नाही. काही न केल्यानेच ती कडक होत गेली.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने यात आणखी एक विसंगती होती. ज्यांना स्वतःचा व्यवहार पाहता येत नाही, त्यांच्या वतीने अनुदान स्वीकारण्यासाठी शासन प्रतिनिधी नेमते. बहुधा तो आई किंवा वडील असतो. चालू गरजा भागवून उरलेली रक्कम लाभार्थीसाठी जपून ठेवावी, हे त्याचे कर्तव्य मानले जाते. परंतु तो जे जपून ठेवतो ते लाभार्थीच्याच मालमत्तेत मोजले जाते. कर्तव्यदक्ष प्रतिनिधीने काटकसर केली, तर तिचा दंड लाभार्थीला भरावा लागतो.

न्यासाचा आश्रय

या कोंडीतून पहिला मार्ग काढला तो वकिलांनी. आईवडिलांनी पैसा मुलाला न देता न्यासाला द्यावा, खर्च करणे न करणे सर्वस्वी विश्वस्ताच्या मर्जीवर ठेवावे आणि शासन जे देते त्याला पुरवणी म्हणूनच तो खर्च व्हावा, अशी ही रचना होती. मुलाला न्यासातून पैसा मागण्याचा हक्कच नसल्याने तो त्याची मालमत्ता ठरत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होय. 'स्पेशल नीड्स ट्रस्ट' म्हणजे विशेष गरजांचा न्यास या नावाने ही रचना पुढे रूढ झाली.

अपंग व्यक्तीचा स्वतःचा पैसा न्यासात ठेवण्याचा प्रश्न याहून अवघड होता. अपघाताची नुकसानभरपाई किंवा थेट आलेला वारसा कायद्याने तिचाच असे. त्यातच १९८० च्या दशकात सधन वृद्ध आपली संपत्ती न्यासात ठेवून मेडिकेड मिळवितात, अशी ओरड सुरू झाली. एप्रिल १९८६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने अशा न्यासांतून विश्वस्त जास्तीत जास्त जेवढी रक्कम देऊ शकतो तेवढी अर्जदाराचीच मानण्याचे ठरविले. १० ऑगस्ट १९९३ रोजी संमत झालेल्या अर्थसंकल्पीय कायद्याने ही पकड आणखी घट्ट केली. पण याच कडक कायद्याच्या पोटात अपंगांसाठी अपवाद ठेवले गेले. ६५ वर्षांखालील अपंग व्यक्तीचा पैसा तिच्या एकटीच्या हितासाठी न्यासात ठेवल्यास तो पात्रतेच्या आड येणार नाही; मात्र तिच्या मृत्यूनंतर शिल्लक रकमेतून राज्याने मेडिकेडवर केलेल्या खर्चाची परतफेड करावी लागेल. आईवडिलांच्या स्वतःच्या पैशाच्या न्यासाला ही परतफेड लागू नव्हती. थोड्या रकमेसाठी स्वतंत्र न्यास परवडत नाही, म्हणून सेवाभावी संस्थांनी अनेकांचा पैसा एकत्र गुंतवून प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, अशा सामूहिक न्यासालाही याच कायद्याने मान्यता दिली.

न्यास चालविणे हे नाजूक काम होते. विश्वस्ताने लाभार्थीच्या हाती रोख रक्कम दिली, तर ती उत्पन्न ठरून अनुदानातून कापली जाई. घरभाडे किंवा किराणा परस्पर भरला, तरी ठरावीक मर्यादेपर्यंत कपात होई; यातील अन्नाचा भाग ३० सप्टेंबर २०२४ पासून वगळण्यात आला. उपचार, चाकाची खुर्ची, पुस्तके, दूरचित्रवाणी संच, प्रवास यांचे पैसे विक्रेत्याला परस्पर दिले, तर मात्र अनुदानाला धक्का लागत नसे. पैसा असूनही प्रत्येक लहानसहान इच्छेसाठी विश्वस्ताकडे पाहावे लागे.

याहून गंभीर उणीव कायद्याच्या शब्दांतच होती. स्वतःच्या पैशाचा न्यास अपंग व्यक्तीने स्वतः करावयाचा नव्हता. तो आईवडील, आजीआजोबा, कायदेशीर पालक किंवा न्यायालय यांनीच करावयाचा होता. बुद्धीने पूर्ण सक्षम, केवळ शरीराने पंगू असलेल्या व्यक्तीलाही, आप्त हयात नसल्यास, स्वतःच्याच पैशासाठी न्यायालयात जावे लागे. अपंग म्हणजे अज्ञान बालक, हे गृहीतक त्यामागे होते असेच म्हणावे लागते. हा दोष दूर होण्यास २३ वर्षे लागली. १३ डिसेंबर २०१६ रोजी संमत झालेल्या वैद्यकीय संशोधनविषयक एका विस्तृत कायद्यातील छोट्या कलमाने अपंग व्यक्तीला स्वतः न्यास करण्याचा अधिकार दिला.

स्वतःच्या नावाचे खाते

न्यासाने पैसा वाचविला तो मालकी काढून घेऊन. मालकी ठेवूनही पैसा वाचावा, ही मागणी पालकांच्या चळवळीतून आली. व्हर्जिनियातील स्टीफन बेक यांच्या दोन मुलींपैकी एकीला डाउन सिंड्रोम होता. दुसरीच्या शिक्षणासाठी करसवलतीच्या खात्यात त्यांना बचत करता येत होती. हिच्या नावे तशी करता येत नव्हती. त्यांच्यासारख्या पालकांनी अनेक वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. ३ डिसेंबर २०१४ रोजी प्रतिनिधिगृहाने ४०४ विरुद्ध १७ मतांनी विधेयक संमत केले. त्यानंतर काही दिवसांतच बेक यांचे निधन झाले. १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याला त्यांचे नाव देण्यात आले.

या कायद्याने निर्माण झालेले 'एबल' खाते अपंग व्यक्तीच्याच मालकीचे असते. त्यातील पहिले एक लाख डॉलर एस.एस.आय. च्या मालमत्तेत धरले जात नाहीत. शिल्लक त्यावर गेल्यामुळे मर्यादा ओलांडली तर रोख अनुदान स्थगित होते, पण मेडिकेड चालू राहते. या खात्यातून घरभाडे भरले तरी अनुदानात कपात होत नाही. न्यासाला हे साधले नव्हते. जून २०१६ मध्ये ओहायो राज्याने पहिली योजना सुरू केली. वर्षाकाठी भरावयाच्या रकमेवर मात्र मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती सर्वसाधारणपणे १९,००० डॉलर होती. त्यामुळे एकरकमी मोठी भरपाई मिळालेल्यास न्यासाची गरज उरतेच. खातेदाराच्या मृत्यूनंतर राज्य मेडिकेडच्या खर्चापोटी येथेही दावा करू शकते.

एक तडजोड मात्र अनेकांना जाचली. वयाच्या २६ वर्षांपूर्वी अपंगत्व आलेल्यांनाच खाते उघडता येईल, अशी अट खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी घालण्यात आली होती. युद्धात किंवा कामावर तिशीत जायबंदी झालेला माणूस त्यामुळे बाहेर राहिला. २०२२ च्या कायद्याने ही वयोमर्यादा ४६ केली आणि १ जानेवारी २०२६ पासून ती अमलात आली. मूळ मालमत्ता-मर्यादा दहा हजार डॉलर करण्याचे विधेयक २०२२ मध्ये ओहायोचेच दोन सिनेटर, डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन व रिपब्लिकन रॉब पोर्टमन, यांनी एकत्र येऊन मांडले होते; ते संमत झाले नाही. पन्नाशीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला 'एबल' खाते उघडता येत नाही. एस.एस.आय. वर जगताना तिला स्वतःच्या नावे आजही २,००० डॉलरच ठेवता येतात.