एक संच, अनेक खाती

कार्यालयातील टेबलावरचा दूरध्वनी पूर्वी एका तारेला आणि एकाच क्रमांकाला बांधलेला असे. दोन क्रमांक हवे असल्यास बहुधा दोन संच ठेवावे लागत. इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या संचांनी हे बंधन दूर केले. त्यांतील बहुतेक संच 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल' म्हणजेच 'सिप' ही पद्धत वापरतात. तिचे पहिले प्रमाणपत्रक १९९९ मध्ये, तर सुधारित पत्रक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत क्रमांक तारेशी नव्हे, तर खात्याशी जोडलेला असतो.

वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता मिळून एक खाते तयार होते. संच ठरावीक अवधीने सर्व्हरकडे आपली नोंदणी करतो. नोंदणी खंडित झाली, की त्या खात्यावर येणारे कॉल संचापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे विक्री, तक्रार निवारण आणि व्यक्तिगत विस्तार क्रमांक अशी तीन खाती एकाच संचावर असतील, तर तिन्हींची नोंदणी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

येणारे आणि जाणारे कॉल

कॉल आला की संबंधित खात्याच्या बटणाचा दिवा लुकलुकतो किंवा पडद्यावर खात्याचे नाव दिसते. रिसीव्हर उचलण्यापूर्वी त्याकडे नजर टाकल्यास कोणत्या विभागाच्या नावाने बोलायचे, हे कळते. प्रत्येक खात्याला वेगळी रिंगटोन दिल्यास हे काम अधिक सोपे होते.

खरी गफलत जाणाऱ्या कॉलमध्ये होते. खाते न निवडता क्रमांक फिरवल्यास कॉल सर्वसाधारणपणे मुख्य खात्यावरून जातो व समोरच्या व्यक्तीला त्याच खात्याचा क्रमांक दिसतो. तक्रारदाराला विक्री विभागाचा क्रमांक दिसला, तर तो पुढचा कॉल तिथेच करतो आणि तक्रार भलत्याच टेबलावर जाऊन पडते. म्हणून आधी खात्याचे बटण, मग क्रमांक, हा क्रम पाळावा.

होल्ड आणि ट्रान्स्फर

बोलणे चालू असताना दुसऱ्या खात्यावरील कॉल घेतल्यास बहुतेक संच पहिला कॉल आपोआप होल्डवर ठेवतात. म्यूटमध्ये मात्र फक्त आपला आवाज बंद होतो, पलीकडचा ऐकू येत राहतो.

ट्रान्स्फर दोन प्रकारे करता येते: थेट, किंवा सहकाऱ्याला आधी विचारून. दुसरा प्रकार सौजन्याचा आणि सुरक्षितही. सहकारी जागेवर नसल्यास कॉल परत घेता येतो. दोन खाती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील, तर त्यांच्यातील ट्रान्स्फर फसू शकते. अशा वेळी संचावरील कॉन्फरन्सचा पर्याय उपयोगी पडतो. मात्र आवाज संचातच एकत्र होत असल्याने मधल्या व्यक्तीने रिसीव्हर ठेवल्यास इतर दोघांचे बोलणे तुटण्याची शक्यता असते.

आणीबाणीची दक्षता

एखादे खाते दुसऱ्या शहरातील कार्यालयाच्या सर्व्हरवर असल्यास त्यावरून केलेला ११२ क्रमांकाचा कॉल त्या शहरातील यंत्रणेकडे जाण्याचा धोका असतो. असा कॉल कोणत्या खात्यावरून करायचा, हे व्यवस्थापकाने आधीच ठरवून संचाजवळ लिहून ठेवावे. संकटाच्या क्षणी बटणे शोधायला कोणालाच सवड नसते.